भाजलेल्या कागदाचं आकाश

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक इस्त्रीचं दुकान आहे. दुकान म्हणजे तीन भिंती, एक वरखाली होणारं लोखंडी शटर आणि मधोमध एक टेबल. शेजारी चाव्या करून देणाऱ्याची टपरी, समोर नळ. त्या टेबलामागं उभं राहून जी बाई सगळ्या वस्तीचे कपडे सरळ करते, तिला लोक कडकमावशी म्हणतात. कपडे टाकायला येणाऱ्या प्रत्येकाला ती एकच प्रश्न विचारते, "कडक की साधी?" नाव त्यावरून पडलं, असं ती सांगते. बाकीचे सांगतात की, एका बड्या माणसानं एकदा सांगून पाठवलं होतं, माझे कपडे आधी करा, मला घाई आहे. मावशीनं त्याचं गाठोडं उचललं आणि सगळ्यांच्या तळाशी ठेवलं. म्हणाली, "घाईच्या माणसानं आधी यावं. मागून येऊन पुढं बसायला ही काय वरात आहे?" नाव त्या दिवशी पडलं. मला दोन्ही कारणं खरी वाटतात.

तिची इस्त्री कोळशाची. पोटात निखारे घेऊन चालणारी, जड, पितळी. विजेच्या इस्त्र्या आल्या, गल्लीत घराघरांत शिरल्या, तरी जाड चादरी आणि कडक कॉलर मावशीकडेच येत राहिल्या. ती दोन्ही हातांनी इस्त्री ढकलायची तेव्हा तिच्या खांद्यात एक लय यायची, नाव वल्हवणाऱ्याच्या खांद्यात येते तशी. उन्हाळा असो, थंडी असो, तिच्या कपाळावर घाम असायचाच. पुसताना ती मनगटाची मागची बाजू वापरायची, कारण हात कायम कुणाच्या तरी पांढऱ्या कपड्यावर असायचा.

टेबलावर जुन्या घोंगड्यांच्या घड्या, त्यावर जाड चादर. चादरीची एक बाजू खिळ्यांनी टेबलाला ठोकलेली, दुसरी मोकळी. त्या मोकळ्या बाजूनं हात घातला की मावशीची तिजोरी लागायची. भाड्याची पावती, लेकीच्या शाळेचे निकाल, नवऱ्याचं डोळ्याच्या डॉक्टरचं कार्ड, सगळं तिथं, घोंगडीच्या घडीत सपाट झोपलेलं. तिचं म्हणणं असं की कपाटाला कुलूप लागतं, आणि कुलूप म्हटलं की शेजारचे भावजी आले. भावजी म्हणजे चावीवाला. ते टपरीतून ओरडायचे, "वहिनी, माझ्या पोटावर पाय का देता?" मावशी म्हणायची, "माझ्या टेबलाला मी स्वतःच कुलूप आहे. दिवसभर वर उभी असते." आणि खरंच, त्या गादीखाली ठेवलेला कागद कधी हरवला नाही, चुरगळला नाही. उलट सुरकुतलेला असेल तर सरळ होऊन निघायचा. शाईला उष्णतेचं भय नसतं.

आता फुग्याचं सांगतो. वस्तीच्या पलीकडं कालवा, कालव्यापलीकडं मोकळं मैदान. तिथून रोज सकाळी एक प्रचंड फुगा उठायचा, केशरी आणि पांढऱ्या पट्ट्यांचा, खाली माणसांची टोपली लोंबकळत, टोपलीच्या वर त्याला फुगवणारी गॅसची आग. एका कंपनीनं तो धंदा काढला होता. लांबून लांबून लोक यायचे, टोपलीत उभे राहून आकाशात जायचे आणि खाली उतरून फोटो बघत बसायचे. मावशीची कोळसा पेटवायची वेळ आणि फुग्याची उठायची वेळ एकच. ती पंख्यानं निखाऱ्याला वारा घालता घालता वर बघायची आणि नवऱ्याला सांगायची, "अहो, उठला बघा." शेजारच्या घरातलं लेकरू जागं झाल्यासारखं.

नवरा म्हणजे सरळ, मवाळ माणूस. इस्त्री झालेले कपडे सायकलवर बांधून घरोघर पोचवायचं काम त्याचं. त्यानं आयुष्यात कुणाशी वाद घातला असेल तर तो सायकलच्या चेनशी. तो मान वर न करता म्हणायचा, "उठू दे. त्याला काय, आग त्याच्या पोटाखाली आहे. आपली टेबलावर आहे."

"तेच तर म्हणते. एकाच आगीची दोघं लेकरं. एक उडतं, एक घासतं."

हे लेकीनं ऐकलं होतं. ती चष्म्याच्या दुकानात कामाला लागली होती, आणि तिचा पहिला पगार झाला त्या संध्याकाळी ती एक सोनेरी पाकीट घेऊन दुकानात आली. मावशीनं इस्त्री उभी केली, हात पुसले आणि पाकीट उघडलं. आत एक लांबट गुळगुळीत कागद. त्यावर फुग्याचं चित्र, बारीक अक्षरांच्या ओळी आणि खाली एक लांबलचक आकडा.

"हे व्हाउचर आहे, आई. भेट द्यायचं. दोन माणसांना फुग्यातून फेरी. तू आणि बाबा. वर्षभरात कधीही."

 मावशीनं कागद परत पाकिटात घातला, परत काढला. मग म्हणाली, "अगं, स्वतःला एखादा ड्रेस घ्यायचास."

"ड्रेस तू इस्त्री करशील. मग तो तुझंच काम होईल. हे काम नाही, म्हणून आणलं."

नवरा सायकल भिंतीला टेकवत होता, तो तिथंच थबकला. "मीसुद्धा? अगं पोरी, मला माळ्यावरचा डबा काढायचा तर तुझ्या आईला शिडी धरावी लागते."

"धरीन की वरसुद्धा," मावशी म्हणाली. आणि तो कागद तिनं जिथं जगातलं सगळ्यात जपायचं ठेवायचं तिथं ठेवला. पाकीट जाड होतं, टोचत होतं, म्हणून ते बाजूला काढलं आणि नुसता कागद घोंगडीच्या घडीत सरकवला. वरून हात फिरवला. मग इस्त्री उचलली आणि कुणाच्या तरी पडद्याला लागली.

फेरीसाठी आधी फोन करून दिवस ठरवायचा होता. लेकीनं केला. लांबचा दिवस मिळाला. तो दिवस आला, मावशी पहाटेच तयार झाली, आणि फोन वाजला: आज वाऱ्यामुळं उड्डाण रद्द, पुन्हा कळवू. मावशीनं फोन ठेवला, शटर वर केलं, कोळसा पेटवला. धूर सुतासारखा सरळ वर गेला. आणि त्या धुराच्या मागं, कालव्यापलीकडं, फुगा उठत होता.

"अगं, हा तर गेला की!" नवरा म्हणाला. म्हणाला खरा, पण त्याच्या आवाजात दुःख कमी आणि सुटका जास्त होती.

पुढच्या वेळी पुन्हा वारा. त्याच्या पुढच्या वेळी जागा भरल्या होत्या. मग फोन कुणी उचलेना, उचलला तर नंतर करा म्हणे. प्रत्येक वेळी फुगा मात्र वेळेवर उठत होता आणि टोपलीतून कुणी ना कुणी हात हलवत होतं. भावजी टपरीतून डोकं बाहेर काढून म्हणाले, "वहिनी, रोख देऊन चढणारी माणसं आली की फुकटची भेटवाली खाली. तोंडाला पानं पुसतायत तुमच्या."

"फुकटची कुणाची? माझ्या लेकीनं महिनाभर उभं राहून कमावलंय ते," मावशी म्हणाली. वर्ष सरत आलं होतं. तिनं शटर ओढलं, लेकीला घेतलं आणि मैदानाशेजारच्या कंपनीच्या कचेरीत गेली. निघताना गादीखाली हात घालून कागद काढला आणि न बघता पर्समध्ये ठेवला. जपलेल्या वस्तूला पुन्हा पुन्हा बघत नाहीत, असं तिला वाटायचं.

काउंटरमागं मॅनेजर बसला होता. तरुण, गुळगुळीत दाढीचा. अंगात केशरी शर्ट, खिशावर फुगा भरतकामात काढलेला. तो शर्ट मावशीच्या चांगल्या ओळखीचा होता. कंपनीच्या माणसांचे सगळे शर्ट दर आठवड्याला तिच्याकडेच यायचे. मॅनेजरला मात्र ती ओळखीची नव्हती. गाठोडं आणायला गाडीवाला यायचा.

"व्हाउचर दाखवा."

मावशीनं कागद काढून काउंटरवर ठेवला. तो काळा होता. नुसता डागाळलेला नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काळा, तव्याच्या बुडासारखा. फुगा नाही, अक्षर नाही, आकडा नाही.

मॅनेजरनं तो दोन बोटांनी उचलला. "हे काय आणलंत? कोळसा?"

मागच्या बाकावर बसलेलं कुणीतरी हसलं. मावशी त्या कागदाकडं बघत राहिली. तिला आधी वाटलं कुणी बदलला. मग तिला टेबल दिसलं, गादी दिसली, त्यावरून रोज फिरणारी पितळी इस्त्री दिसली. दुकानातून सामान घेतल्यावर बिल देतात ना, तसला तो कागद होता. त्यावर शाई नसतेच. उष्णतेनंच अक्षर उमटतं आणि उष्णतेनंच सगळा कागद अक्षर होऊन जातो.

"आकडा वाचता येत नाही म्हणजे व्हाउचर नाही," मॅनेजर म्हणाला. "अटींमध्ये आहे. शिवाय मुदतही संपतच आली आहे. सॉरी मॅडम."

बाहेर आल्यावर लेक आईच्या पुढं भरभर चालली. कालव्याच्या पुलावर थांबली आणि म्हणाली, "आई, सगळ्या जगाचे कपडे जपतेस. माझी पहिली कमाई तेवढी भाजलीस."

एवढंच बोलली. पण त्या दिवशी मावशीनं एका शर्टाची बाही उलटी दुमडली आणि दोन गिऱ्हाइकांना "कडक की साधी" विचारायचं विसरली. भावजींनी टपरीतून बघितलं आणि थट्टा न करता पुन्हा चावी घासायला घेतली.

दुसऱ्या दिवशी कोळसा पेटला तेव्हा मावशीही पेटली होती.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "मला एक सांगा. कागद कुणी भाजला?"

"तू." तो घाबरत म्हणाला.

"बरोबर. आणि पैसे कुणी घेतले?"

"त्यांनी."

"मग माझ्या भाजण्यानं त्यांनी घेतलेले पैसे कसे भाजले? त्यांच्या गल्ल्यात तर ते थंडगार पडलेत. चूक माझी, पण खरेदी खरी. कुणाला काय विकलं ते त्यांच्या मशीनमध्ये असणारच की. माझ्याकडं पावती हरवलेलं गिऱ्हाईक आलं तर मी काय म्हणते? तुझी पँट आता माझी?"

"जाऊ दे गं. पोरीची समजूत मी काढतो. नाहीतरी मला वर..."

"तुमच्या भित्र्या पायांसाठी माझ्या लेकीचा घास त्यांच्या घशात घालू?"

ती पुन्हा कचेरीत गेली, एकटी. मॅनेजर म्हणाला, वरच्या साहेबांना विचारतो. पुन्हा गेली, साहेब बाहेरगावी होते. पुन्हा गेली, तर मॅनेजरनं समोरच्या कॅलेंडरकडं बोट दाखवलं. "मॅडम, आता तर मुदतच संपली. आता विषयच संपला."

"वारा म्हणून तुम्ही ढकललं. जागा नाही म्हणून तुम्ही ढकललं. साहेब नाहीत म्हणून तुम्ही ढकललं. मुदत काय आपल्या पायांनी चालत गेली? तुम्ही ढकलत नेली तिला."

मॅनेजरनं सुस्कारा टाकला, खण उघडला आणि फुग्याचं चित्र असलेला एक चहाचा कप तिच्यापुढं ठेवला. "हे घ्या. आमच्याकडून आठवण."

मावशीनं कप उचलला, बूड बघितलं, कान बघितला आणि परत ठेवला. "आठवण माझ्याकडं भरपूर आहे. तुम्हाला कमी पडेल, तुम्हीच ठेवा."

घरी येताना तिचा राग पावलांत उतरला होता. भावजींनी लांबूनच ओळखलं. हातातली कानस खाली ठेवून ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही चुकीच्या दाराला धक्के मारताय. ते दार आतून बंद आहे. दुसरीकडून जा."

"कुठून?"

"ग्राहक मंच. माझं चाव्या कापायचं मशीन आठवतं? हमीच्या काळात बंद पडलं, आणि दुकानदार कानावर हात ठेवून बसला. तिथं अर्ज केला. वकील लागत नाही, आपलं आपण बोलायचं. मशीन बदलून मिळालं. हे काय, समोर आहे."

"एवढी वर्षं शेजारी बसता आणि हे आत्ता सांगता?"

"मला वाटलं, तुम्ही नुसत्या बघण्यावरच त्यांना भस्म कराल."

अर्जाला पुरावा हवा होता. पैसे भरल्याचा संदेश लेकीच्या फोनमध्ये होता. मावशी रात्रीच्या जेवणाला बसताना म्हणाली, "मला तो मेसेज दे." लेक म्हणाली, "आता कशाला, आई? गेलं ते गेलं." मावशी म्हणाली, "गेलेलं नाही. अडवलेलं आहे. गेलेल्याला रडतात, अडवलेल्याला सोडवतात." लेकीनं फोन पुढं केला. ताट उचलताना तिनं विचारलं, "आई, वारा आहे म्हणून रद्द केलं ते कुठले दिवस?" आणि मग आपल्या फोनवर बोटं फिरवत बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "हे बघ." कंपनीनं स्वतःच त्या सकाळचे फोटो जगाला दाखवले होते. टोपलीत हसणारी माणसं, खाली लिहिलेलं: आजची शांत, सुंदर सकाळ.

मावशी फोटोकडं बघून पहिल्यांदा हसली. "चोरानं आपणच दिवा लावलाय गं."

अर्ज गेला. कंपनीला नोटीस गेली. आणि त्याच आठवड्यात नेहमीप्रमाणं गाडीवाला केशरी शर्टांचं गाठोडं टाकून गेला.

मावशीनं गाठ सोडली. सगळ्यात वर मॅनेजरचा शर्ट होता. कॉलरच्या आत त्याची खूण असायची. भावजी टपरीतून उतरून आले, दोन्ही कोपरं टेबलावर ठेवून म्हणाले, "वहिनी, देव देतो तेव्हा असं देतो. खिशावरच्या फुग्यावर इस्त्री ठेवा आणि पाच मिनिटं मला चावीचा भाव विचारत बसा."

मावशीच्या हातात इस्त्री होती. तिनं ती त्या शर्टावर धरली, टेकवली नाही. निखारे आत लाल होते. मी खोटं सांगत नाही, तिला मोह झाला. हाताला झाला, खांद्याला झाला. खिशावरचा तो छोटासा फुगा असा गुबगुबीत बसला होता. मग तिनं कॉलरवर पाणी शिंपडलं.

"काय हे!" भावजी निराश झाले.

"भावजी, शर्ट इस्त्रीला आलाय, भांडायला आलेला नाही. आणि मंचात माझ्यासमोर उभा राहणारा माणूस चुरगळलेला असेल तर जिंकण्यात काय मजा?"

ते शर्ट त्या आठवड्यात असे निघाले की बाहीच्या घडीवर बोट कापावं.

मंचाची खोली म्हणजे एक लांब टेबल, मागं तीन खुर्च्या, पुढं बाकडी. मधल्या खुर्चीवर अध्यक्षबाई, पांढऱ्या केसांच्या, चष्मा नाकाच्या टोकावर. मावशी नवऱ्याला आणि लेकीला घेऊन बसली होती. समोर मॅनेजर आणि कंपनीचे वकील. मॅनेजरनं मावशीला बघून मान वळवली. मावशीनं मात्र त्याच्या बाहीची घडी नीट बघून घेतली. इस्त्रीनं बसवली होती तशीच होती.

वकील उभे राहिले. मूळ व्हाउचर वाचता येईल अशा स्थितीत दाखवणं बंधनकारक आहे, तक्रारदारानं ते स्वतःच्या हातानं नष्ट केलं, असं म्हणाले.

"नष्ट नाही हो," मावशी बसल्या जागेवरून म्हणाली. "हे काय, आहे. भाजलंय."

अध्यक्षबाईंनी काळा कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. "हा असा कशानं झाला?"

मावशी उभी राहिली. "मी केला, बाई. मी इस्त्री करते. जपायचं ते सगळं मी टेबलाच्या गादीखाली ठेवते. हाही ठेवला. बाकीचे कागद वाचले, हा भाजला. चूक माझी."

वकिलांनी हात पसरले. "कबुली मिळाली. आता बोलण्यासारखं काही उरलं नाही."

"थांबा हो, घाई कुणाला आहे?" मावशी म्हणाली. "मी चूक कबूल केली. जागा सोडलेली नाही."

बाकड्यांवर खसखस पिकली. अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून बघितल्यावर थांबली.

"वकीलसाहेब," त्या म्हणाल्या, "यांच्या मुलीकडून पैसे मिळाले, हे मान्य आहे?"

"मान्य आहे, पण..."

"व्हाउचरवरचा आकडा कंपनीच्या नोंदीत आहे?"

वकिलांनी मॅनेजरकडं बघितलं. मॅनेजर पुटपुटला, "आहे. सिस्टिममध्ये आहे."

"म्हणजे जो आकडा तुम्ही यांच्याकडं मागताय, तो तुमच्याच खिशात आहे. बरं. हा कागद उष्णतेनं काळा पडतो, हे घेणाऱ्याला कुठं सांगितलंय? अटींमधली ओळ दाखवा."

वकिलांनी अटींची पानं उलटली. पुढून उलटली, मागून उलटली. ओळ सापडली नाही. मग ते मुदतीवर आले. मुदत संपली होती, त्याला कंपनीचा इलाज नव्हता, हवामान कुणाच्या हातात नसतं.

तेव्हा लेक उठली. कुणी सांगितलं नव्हतं. तिनं छापून आणलेले फोटो टेबलावर मांडले, शेजारी रद्द केल्याचे संदेश. "हा त्यांचा वारा," ती म्हणाली, "आणि ही त्याच दिवसाची त्यांचीच शांत, सुंदर सकाळ."

वकील आणि मॅनेजर डोकी एकत्र करून कुजबुजले. मग वकील गोड आवाजात म्हणाले, कंपनी मोठ्या मनानं पूर्ण रक्कम परत द्यायला तयार आहे, वर थोडं अधिक, आजच्या आज, विषय मिटवून टाकू. नवऱ्याच्या चेहऱ्यावर तर ऊन पडलं. तो मावशीच्या कानाशी लागला, "घे गं, घे. जिंकलीस तू. वर जायचीही गरज नाही."

अध्यक्षबाईंनी विचारलं, "तुम्हाला मान्य आहे का? पैसे परत मागायचाही तुम्हाला हक्क आहे."

 मावशीनं मनगटानं कपाळ पुसलं, तिथं घाम नव्हता तरी.

"बाई, पैसे माझ्या लेकीनं यांना दिले. मला नाही दिले. मला तिनं फेरी दिली. ती पहिल्या पगाराची आहे, दुसऱ्या पगाराची तशी येत नाही. यांनी पैसे परत केले तर यांचं काही गेलं नाही, आणि मला मिळालेलं मात्र गेलं. दुकानात टाकलेला शर्ट हरवून मी कापडाचे पैसे देऊ केले तर चालतं, पण शर्ट समोर खुंटीला लटकत असताना? त्यांचा फुगा रोज उठतो. मी रोज बघते. त्यात माझ्या दोन जागा आहेत."

हुकूम झाला. महिन्याच्या आत, मावशी सांगेल त्या सकाळी, दोन जागा. अर्जाचा खर्च कंपनीनं सोसायचा. आणि मुदत ढकलण्याच्या या पद्धतीबद्दल अध्यक्षबाईंनी जे दोन शब्द लिहिले, ते ऐकताना मॅनेजरचा कडक शर्ट आत बसलेल्या माणसापेक्षा ताठ दिसत होता.

मावशीनं रविवारची सकाळ निवडली. भावजींनी त्या दिवसापुरती तिच्या शटरची राखण पत्करली. मैदानात फुगा आडवा पडला होता, हळूहळू फुगत, झोपेतून उठणाऱ्या प्रचंड जनावरासारखा. लेक निरोप द्यायला आली होती. नवरा सायकल घेऊन आला होता, कॅरिअरवर पोचवायच्या कपड्यांचं गाठोडं, कारण म्हणे वाटेवरचंच घर होतं.

फुगा उभा राहिला. टोपलीला लाकडी पायरी लावली. मावशी चढली. नवऱ्यानं एक पाय पायरीवर ठेवला, वर बघितलं, आणि तो पाय तसाच परत आणला.

"अगं, सायकल कोण सांभाळणार?"

"अहो, खरं बोला."

"खरं म्हणजे माझे पाय जमिनीचे आहेत गं."

मावशी हसली. रागावली असती तर त्यानं दुसरा पायही उचलला असता, हे तिला ठाऊक होतं, म्हणूनच रागावली नाही. तिनं लेकीकडं बघितलं. "चढ."

"मी? आई, ते तुमच्या दोघांसाठी..."

मॅनेजर लगबगीनं पुढं आला. "मॅडम, तसं नाही चालणार. हे व्हाउचर आईवडिलांच्या नावानं घेतलं होतं. दुसऱ्याला देता येत नाही. व्हाउचरवर स्पष्ट लिहिलेलं असतं."

मावशीनं पर्समधून तो काळा कागद काढला आणि टोपलीच्या काठावरून त्याच्या हातात दिला.

"वाचून दाखवा," ती म्हणाली. "कुठं लिहिलंय?"

मॅनेजरनं कागदाकडं बघितलं. मागं फुग्याचे दोर धरून उभे असलेले कामगार फिस्सकन हसले. त्यांचेही शर्ट मावशीकडेच यायचे. मॅनेजरनं कागद घडी करून परत दिला आणि बाजूला सरकला. लेक चढली.

मग डोक्यावरची आग धडधडली. टोपलीतली बाकीची माणसं दचकून खाली वाकली, लेकीनं आईचा दंड घट्ट धरला. झळ सरळ टाळूवर येत होती. मावशी ताठ उभी होती.

"घाबरू नकोस," ती म्हणाली. "आग आपल्या ओळखीची आहे."

जमीन सुटली. सुटली म्हणजे काय, कुणी चादर हळूच खालून ओढून घ्यावी तशी गेली. कालवा फितीएवढा झाला. पुलावरून फुगा जाताना लेक म्हणाली, "आई, इथं उभी राहून मी तुला बोलले होते."

"खोटं नव्हतीस बोलली. कागद भाजलाच होता." मावशीनं तिच्या हातावर हात ठेवला. "कमाई नव्हती भाजली. ती ही बघ, पायाखाली."

वस्ती दिसली. गल्ली दिसली. गल्लीच्या तोंडाशी एक बोटभर शटर आणि त्यापुढं हात डोळ्यांवर धरून वर बघणारा एक ठिपका, तो भावजी असणार. मावशी बराच वेळ बघत राहिली. जिथं उभं राहून ती रोज वर बघायची, ती जागा तिला पहिल्यांदाच वरून दिसत होती. तिला ती लहान वाटली नाही.

"आई, ते बघ!" लेक एकदम ओरडली.

खाली कालव्याच्या रस्त्यावर एक सायकल जिवाच्या आकांतानं पळत होती. कॅरिअरवर गाठोडं उड्या मारत होतं. सायकलवाल्याची मान सबंध वर, फुग्याकडं. एका हातानं हँडल, दुसऱ्या हातानं घंटी. घंटीचा आवाज वरपर्यंत येत होता, बारीक, न थांबणारा. आणि रस्ता तर पुढं वळत होता.

मावशी टोपलीच्या काठावरून अर्धी बाहेर वाकली आणि ज्या आवाजानं ती गल्लीभर गिऱ्हाइकांना हाका मारते, त्या आवाजात तिनं आकाशातून हुकूम सोडला,

"अहो, समोर बघून चालवा! इस्त्रीचे कपडे आहेत!"